'परूझ' (peruse) वापरताय? मग या चुका टाळा

परवा मित्राच्या पोराचा रेझ्युमे बघत होतो, पहिल्याच ओळीत 'आय अ‍ॅम परूझिंग एमबीए'. म्हणजे पोरगं एमबीए करत नव्हतं, समोर ठेवून बारकाईने वाचत बसलेलं! म्हणायचं होतं पर्स्यूइंग (pursuing), म्हणजे करतोय. आणि स्पेलचेक तरी काय करणार, दोन्ही शब्द खरे, लाल रेघ येणारच नाही, त्यामुळे ही चूक स्वतःच्या डोळ्यांनीच पकडायची.

पण खरा घोळ अर्थात आहे. बऱ्याच जणांना वाटतं परूझ म्हणजे वरवर चाळणं, ब्राउझ सारखं. जुना रुळलेला अर्थ बरोब्बर उलटा, नीट लक्ष देऊन वाचणं. 'पर' हा लॅटिन तुकडा म्हणजे पूर्णपणे, आणि पुढे साधा 'यूझ'. 15व्या शतकात या शब्दाचा अर्थ होता वापरून वापरून पार झिजवणं, आपण 'पार' म्हणतो ना तसंच, आणि वाचण्याचा अर्थ नंतर चिकटला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये तर वाचण्याचा संबंधच नाही. तलवारबाजीच्या सामन्यात हॅम्लेटला दग्याने मारायचा डाव रचताना राजा क्लॉडियस साथीदार लेअर्टिसला सांगतो की हॅम्लेट भोळा आहे, तो काही तलवारी 'परूझ' करणार नाही, तू खुशाल बोथट न केलेली उचल. म्हणजे तपासून बघणार नाही. इथे 'चाळणं' घालून बघा, सगळा डावच फुस्स.

आता आजच्या डिक्शनऱ्यांमध्ये वरवर बघणं हाही अर्थ मिळतो, कारण लोक तसा वापरतात. म्हणूनच तर जास्त जपायचं. बॉसला 40 पानी रिपोर्ट पाठवून 'परूझ करा' लिहिलं तर त्याने नीट वाचायचं की नुसती पानं उलटायची? वरवर हवं असेल तर सरळ स्किम लिहा, नीट हवं असेल तर रीड केअरफुली, विषय संपला.

'फॉर युवर काइंड परूझल' मात्र सरकारी पत्रात चालतं, ते आपलं 'अवलोकनार्थ सादर'. फक्त तिथे 'पर्सूअल' टाइप करू नका, मीच कित्येक वर्षं करायचो. लक्षात ठेवायला सोपंय, पी-ई-आर-यू, म्हणजे आधी पेरू, मग एस-ए-एल. बोलताना मात्र पेरू विसरा, 'पेरूज' नाही, प-रूझ, झ झऱ्यातला आणि जोर 'रू' वर.