प्रोजेक्ट का रखडतात? या चुका टाळा

प्रोजेक्ट बुडाल्याचं कळतं शेवटच्या महिन्यात, पण बिनसलेलं असतं अगदी सुरुवातीला. तारीख आधी जाहीर होते आणि नेमकं काय करायचंय ते नंतर ठरतं. सिडनी ऑपेरा हाऊसचं काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा छत कसं उभारायचं हेच ठरलेलं नव्हतं. पुढे आधी बांधलेले खांब छताचं वजन पेलणार नाहीत म्हणून ते नव्याने बांधावे लागले. १९६३ ला पूर्ण व्हायची इमारत १९७३ मध्ये खुली झाली आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. म्हणून काम सुरू करण्याआधी व्याप्ती, म्हणजे नेमकं काय काय करायचंय ते, लिहून काढा. काय करणार नाही, तेही लिहा. ही दुसरी यादी बहुतेक जण टाळतात आणि पुढचे निम्मे वाद तिथूनच उगवतात.

माझ्या मते सगळ्यात घातक सवय म्हणजे टक्क्यांत प्रगती सांगणं. ‘९० टक्के झालंय’ हे वाक्य लागोपाठ तीन मीटिंगमध्ये ऐकू आलं की समजावं, घोडं कुठेतरी पेंड खातंय. उदाहरणार्थ, सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टचं पान उघडतं म्हणून ते ‘तयार’ धरलं जातं. खरा डेटा टाकला की बेरीज चुकते. कामाचे दोन-तीन दिवसांचे तुकडे करा आणि प्रत्येकाला दोनच अवस्था ठेवा: झालं किंवा नाही झालं. ‘झालं’ कधी म्हणायचं, तेही आधीच ठरवा. तपासून, ज्याला वापरायचंय त्याला दाखवून मगच.

उशीर झाला की माणसं वाढवायची, ही आणखी एक चूक. अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० होतात, १० जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. त्यापेक्षा व्याप्ती कमी करा, नाहीतर तारीख पुढे न्या.

सगळीच कामं ‘अर्जंट’ नसतात. ज्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रोजेक्ट एक दिवस लांबतो, ती क्रिटिकल पाथ. ती शोधा, चांगली माणसं तिथे लावा.

स्क्रम (छोट्या टप्प्यांत काम आणि रोजची छोटी मीटिंग) घ्या, नाहीतर गँट चार्ट (कोणतं काम कधी ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता). पद्धतीचा खरा उपयोग अडचण लवकर उघडी पडण्यात आहे. अडचण सांगणाऱ्यावरच साहेब डाफरले, तर दुसऱ्या दिवसापासून रोजची मीटिंग नुसती हजेरी होते. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ‘किती झालं?’ नको, ‘कुठे अडलंय?’ विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला तिथल्या तिथे मदत मिळवून द्या.