लोवशेन पाळायचाय? आधी त्याची नीट ओळख करून घ्या

लोवशेन ही छोट्या कुत्र्यांची एक जात, तिचा फोटो बघितला की सगळे आधी त्या कटवरच अडकतात, पुढे सिंहासारखी आयाळ, मागचा अर्धा भाग सफाचट, शेपटीला झुबका. पण तो नुसता हेअरकट आहे हो, केस अंगभर लांबच वाढतात आणि घरी पाळणारे बरेच जण हा कट ठेवतही नाहीत. म्हणून ब्रीडरकडे, म्हणजे पैदास करणाऱ्याकडे गेलात की केस न कापलेला मोठा कुत्रा दाखवा म्हणायचं.

आणि जमिनीवर बसायचं, हाका मारायच्या नाहीत, उचलायचं तर अजिबात नाही. तो आपणहून येऊन हुंगतो का, की लांबूनच भुंकत राहतो, थोड्या वेळाने निवांत होतो का, हे बघा. जेमतेम ६ किलोचा, उंची साधारण २६ ते ३२ सेंटीमीटर, पण मांडीवरचं खेळणं समजू नका, चांगला पळतो, पटकन शिकतो आणि त्याला सतत माणूस लागतं. दिवसभर घर बंद राहणार असेल तर माझं स्पष्ट मत आहे, हा कुत्रा घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जवळपास संपलीच होती, बेल्जियममधल्या मादलेन बेनेर बाईंनी मोजक्या कुत्र्यांवरून ती परत उभी केली. १९६० च्या दशकात तर जगातला सर्वात दुर्मिळ कुत्रा म्हणून गिनीजमध्ये नाव होतं, अमेरिकन केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) मान्यताही बरीच नंतर मिळाली. म्हणजे पूर्वज मोजकेच, मग आईबाप एकमेकांच्या नात्यातले निघायची शक्यता जास्त. त्यामुळे पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद, नुसती आहे का एवढंच विचारू नका, उघडून बघा, तेच तेच नाव परत परत येतंय का ते तपासा. आईबापाचे डोळ्यांचे रिपोर्ट मागा, मोतीबिंदू आणि रेटिनाचे आजार आनुवंशिक असू शकतात, आणि गुडघ्याची वाटी सरकते का याचाही. चांगला ब्रीडर चिडत नाही, उलट तोच तुम्हाला दहा प्रश्न विचारतो. रिपोर्ट टाळणारा असेल तर पिल्लू कितीही गोड असू दे, सरळ निघून या.

केस कमी गळतात हे खरं, पण म्हणून काम कमी नाही, गळालेला केस आतच अडकतो आणि गुंता होतो. आठवड्यातून दोन-तीनदा कातडीपर्यंत कंगवा फिरवावा लागतो, विशेषतः कानामागे आणि काखेत, आणि पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे यायला लागले की काही महिने जवळपास रोजच. मागचा भाग भादरलेला ठेवलात तर ऊन आणि थंडी दोन्हीपासून जपायचं. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर कमी केस गळतात या भरवशावर राहू नका, त्या माणसाला मोठ्या लोवशेनसोबत दोन-तीन तास बसवून बघा.

पिल्लं कमी होतात त्यामुळे थांबावं लागेल, पण डॉग शोमधून निवृत्त झालेला मोठा कुत्रा देणार का हेही विचारून ठेवा, त्याचा स्वभाव आणि तब्येत दोन्ही समोर दिसत असतात.