दक्षिण कॅलिफोर्नियात स्कीइंग: आधी दिवस ठरवा, मग डोंगर

जानेवारीत लॉस एंजेलिसला दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरता येतं आणि उत्तरेकडे पाहिलं तर सॅन गॅब्रिएल पर्वताचे माथे पांढरे दिसतात. गाडी काढली की दोन-अडीच तासांत बर्फावर पोचताही येतं. पण शहरातलं ऊन डोंगरावरही पडतं, आणि चांगला पडलेला बर्फ आठवड्याभरात पार बदलून जातो. बर्फाळ राज्यांतले लोक महिनाभर आधी रिसॉर्ट ठरवून मोकळे होतात. इथे मात्र कोणत्या दिवशी जायचं हे आधी पाहावं आणि त्या दिवशी कोणता डोंगर बरा आहे हे मग. तो विचार कसा करायचा ते पुढे सांगतो.

१. गाडीत कोण आहे ते बघा

पुण्याहून आलेल्या आई-बाबांना नुसता बर्फ बघायचा असेल, मुलांना त्यात लोळायचं असेल, तर लिफ्टचं, म्हणजे स्कीअरना उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांचं, महागडं तिकीट काढू नका. ट्यूबिंगला जा: रबरी चाकात बसायचं आणि आखलेल्या पट्ट्यातून खाली घसरायचं. शिकावं काहीच लागत नाही. राइटवूड गावाजवळच्या माउंटन हाय या स्की रिसॉर्टच्या नॉर्थ भागात ही सोय आहे, बिग बेअरच्या परिसरातही आहे.

पहिल्यांदाच शिकणाऱ्यांनी धडा, भाड्याचं सामान आणि सोप्या उतारांपुरतं तिकीट असं एकत्र पॅकेज घ्यावं. अख्ख्या डोंगराचं तिकीट त्या दिवशी वापरलंच जात नाही. स्की की स्नोबोर्ड, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. माझं मत असं की एकच दिवस हातात असेल तर स्की घ्या. दोन्ही पाय सुटे असल्याने दुपारपर्यंत थोडंफार जमतं. स्नोबोर्डवर पहिला दिवस बसण्यात आणि उठण्यात जातो, मनगटं आणि बैठक दोन्ही दुखतात. पुन्हा येणार असाल तर बोर्ड जरूर घ्या, पण मनगटाचे गार्ड घालून.

२. चार ठिकाणं, चार स्वभाव

बिग बेअर सगळ्यांच्या ओळखीचं. सॅन बर्नार्डिनो पर्वतातल्या तळ्याकाठच्या या गावात स्नो समिट आणि बेअर माउंटन असे दोन डोंगर आहेत. मालक एकच, एका तिकिटावर दोन्हीकडे जाता येतं. घरच्या मंडळींसाठी स्नो समिट बरं. बेअर माउंटन तरुण स्नोबोर्डवाल्यांचं: उड्या मारायचे उंचवटे, वरून घसरायचे लोखंडी रेल, हाफपाइप म्हणजे बर्फाची अर्धगोल नाळ. तिथे नवख्यांसाठीही मोठी जागा आहे, पण तुम्हाला साधे, लांब, शांत उतार हवे असतील तर मी स्नो समिटच सुचवेन. त्याच वाटेवर अलीकडे स्नो व्हॅली लागतं. 2023 मध्ये तेही याच कंपनीने घेतलं.

माउंटन हाय सॅन गॅब्रिएल पर्वताच्या वाळवंटाकडच्या अंगाला आहे. गाव म्हणावं असं तिथे फार काही नाही, पण रस्ता सोपा, आणि वेस्ट भागात रात्रीही दिव्यांच्या उजेडात स्कीइंग चालतं. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर माझी पहिली पसंती हीच.

माउंट बाल्डी शहराला सर्वांत जवळ, आणि सर्वांत लहरी. उतार खडे, लिफ्ट जुन्या, भिस्त मुख्यतः आभाळातून पडणाऱ्या बर्फावर. मोठं वादळ होऊन गेलं की मुरलेले स्कीअर तिकडे धावतात. बाकीच्या वेळी विचारात घेऊ नका, आणि नवख्यांना तर मुळीच नेऊ नका.

मॅमथ ही वेगळीच गोष्ट. सिएरा नेवाडाच्या पूर्व अंगाला, लॉस एंजेलिसहून सुमारे 300 मैल, हायवे 395 ने पाच-सहा तास. माथा 11,053 फूट. 2022-23 च्या हंगामात तिथे इतका बर्फ पडला की लिफ्ट 6 ऑगस्टपर्यंत चालू होत्या. दोन मुक्काम करता येत असतील आणि खालच्या डोंगरांवर बर्फ नसेल तर सरळ मॅमथ गाठा. मात्र मुख्य लॉजच 9,000 फुटांच्या आसपास आहे. समुद्रकाठाहून आलेल्या माणसाचं डोकं पहिल्या दिवशी दुखू शकतं. भरपूर पाणी प्या आणि पहिली दुपार हळू घ्या.

३. अंदाजात नुसतं ‘बर्फ’ वाचू नका

पॅसिफिककडून येणारी उबदार वादळं या भागात भरपूर पाणी ओततात. ते बर्फ म्हणून पडणार की पाऊस, हे बर्फरेषेवर ठरतं, म्हणजे ज्या उंचीच्या वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो त्या उंचीवर. बिग बेअरच्या दोन्ही डोंगरांचा पायथा सुमारे 7,000 फुटांवर आहे, माउंटन हायचा थोडा खाली. अंदाजात बर्फरेषा 8,000 फूट दिसली तर पायथ्याशी पाऊसच आहे असं समजा आणि बेत पुढे ढकला. 5,000 दिसली तर वादळ सरल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस पकडा, शक्यतो सोमवार ते शुक्रवारमधला.

नैसर्गिक बर्फ नसेल तर मशीनचा असतो. बिग बेअरची सगळी मदार त्यावरच. पाणी तिथल्या तळ्यातूनच येतं. इथली कोरडी हवा या कामाला उपयोगी पडते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे घडतं: फवाऱ्यातल्या थेंबांचा थोडा भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेलं पाणी गोठतं. त्यामुळे तापमान शून्याच्या किंचित वर असलं तरी रात्री मशीन चालतं. म्हणून पाऊसपाणी काही नसतानाही दोन-तीन कडाक्याच्या, कोरड्या रात्री लागून आल्या असतील तर शनिवार चांगला जाऊ शकतो. अशा वेळी रिसॉर्टच्या रोजच्या अहवालात किती इंच बर्फ आहे यापेक्षा किती उतार आणि किती लिफ्ट चालू आहेत ते वाचा.

वाराही पाहा. सांता ॲना, म्हणजे वाळवंटाकडून येणारे जोरदार कोरडे वारे, सुटले की निळ्याशार आकाशाखाली वरच्या लिफ्ट बंद राहतात, आणि सगळी गर्दी खालच्या दोन उतारांवर जमते.

४. घड्याळ आणि दिशा

हे पर्वत पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर बर्फ टिकतो. बिग बेअरचे स्की उतार मुख्यतः तसेच आहेत. तरी मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ सकाळी साडेआठला फरशीसारखा टणक लागतो. दहा-अकराच्या सुमाराला वरचा थर दाणेदार, मऊ होतो आणि पुढचे दोन-तीन तास सुखाचे. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, पश्चिमेकडचे नंतर. त्या क्रमाने फिरत राहावं. दोननंतर चिखलासारखा ओला बर्फ पाय धरतो, आणि थकलेले गुडघे अशाच बर्फात मुरगळतात. नवख्या स्नोबोर्डवाल्यांनी सकाळच्या कडक बर्फावर आपटून घेण्याऐवजी दहानंतरचा धडा निवडावा. डिसेंबर-जानेवारीत हे चक्र इतकं तीव्र नसतं, तेव्हा लवकर पोचणंच फायद्याचं.

५. रस्ता

माउंटन हाय हायवे 2 वर आहे, म्हणून नकाशात ला कॅन्याडाहून वर चढणारा रस्ता जवळचा वाटतो. हिवाळ्यात तो मधेच बंद असतो. आय-15 आणि हायवे 138 ने वाळवंटाकडून जा. बिग बेअरला बहुतेक जण हायवे 330 आणि 18 ने जातात. गर्दीच्या शनिवारी रेडलँड्सहून जाणारा 38 लांब असूनही बरा पडतो.

बर्फात राज्याची रस्तेसंस्था कॅलट्रान्स नाकी बसवते. आर-2 ही नियमाची पातळी लागू असेल तर टायरांवर चेन लावल्याशिवाय सोडत नाहीत. चारही चाकांना शक्ती असलेल्या आणि चारही टायर बर्फावर चालण्यासाठीचे असलेल्या गाड्यांना सूट मिळते, पण चेन त्यांच्याही गाडीत असावीच लागते. चेन शहरातच घ्या आणि घराच्या अंगणात एकदा लावून पाहा. भाड्याच्या गाडीच्या करारात चेन चालतात का, हेही वाचा.

६. पैसे आणि कातडी

तिकीट खिडकीवर सर्वांत महाग असतं. ऑनलाइन दोन-तीन दिवस आधी, अंदाज पक्का झाल्यावर घ्या आणि तारीख बदलता येते का ते पाहून घ्या. बिग बेअर आणि मॅमथ दोन्ही आयकॉन पासवर, म्हणजे अनेक रिसॉर्टांत चालणाऱ्या हंगामी पासवर, आहेत. हंगामात तीन-चार वेळा जाणार असाल तर पासचा हिशेब मांडून बघा. नाताळचा आठवडा, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, या जोडसुट्ट्या टाळा.

दर हजार मीटर चढलं की अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. सावळ्या माणसाला लागत नाही, हा आपल्याकडचा समज डोंगरावर चालत नाही. साधा काळा चष्मा पडतो. गॉगल्स भाड्याने मिळतीलच याची खात्री नसते, ते विकत घ्या.

परतताना लिफ्ट बंद व्हायची वाट पाहिली तर सगळ्यांबरोबर घाटात अडकाल. एकतर दोनच्या सुमाराला निघा, नाहीतर गावात निवांत जेवून. उशिरा निघणार असाल तर दिवसभर वितळून ओला झालेला रस्ता तोवर पुन्हा गोठलेला असेल, तेव्हा चेन डिकीत सामानाखाली न ठेवता हाताशी ठेवा.