मानवी मॉडेलची डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर: ब्लेंडरमध्ये दोष शोधायचा आणि दुरुस्त करायचा कसा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवत असलेला चेहरा जवळजवळ पूर्ण झालेला असतो आणि लक्षात येते की एक गाल दुसऱ्यापेक्षा भरलेला दिसतोय, किंवा ओठाचा एक कोपरा खाली उतरलाय. अशा वेळी हात आपोआप सिमेट्राइझकडे, म्हणजे एक बाजू दुसरीवर उमटवणाऱ्या आज्ञेकडे जातो. तो आधी आवरा. मानवी मॉडेल अनेक थरांचे बनलेले असते: मेश (बिंदू-रेषांचे जाळे), शेप की (मेशचे साठवलेले वेगळे आकार, उदा. हसू), मॉडिफायर (मूळ मेश न बदलता वरून होणारे बदल), रिग (मॉडेल हलवणारा ‘बोन’ म्हणजे हाडांचा सांगाडा) आणि पोज, टेक्स्चर (वरून चढवलेले चित्र), आणि सगळ्यात वर प्रकाश व कॅमेरा. वाकडेपणा पोजमध्ये असेल आणि तुम्ही मेश बदललीत, तर मूळ दोष राहतोच, शिवाय चांगली मेशही हातची जाते. म्हणून आधी थर ओळखायचा, मग हात लावायचा. त्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

१. खरेच वाकडे आहे का, ते पाहा

न्यूमपॅडवर १ दाबून समोरचे दृश्य घ्या. ते ऑर्थोग्राफिक (जवळ-दूरचा फरक न दाखवणारे) नसेल तरच ५ दाबून तसे करा. पर्स्पेक्टिव्हमध्ये नजर जराशी बाजूला असली तरी जवळचा गाल मोठा दिसतो.

मग सॉलिड मोडमध्ये मॅटकॅप (उजेड आधीच रंगवलेले तयार शेडिंग) लावा. बऱ्याच मॅटकॅपमध्ये उजेड एकाच बाजूने रंगवलेला असतो, आणि तेवढ्यानेही चेहरा तिरपा वाटतो. शेडिंगच्या यादीत मॅटकॅप उलटा करायचे बटण असते, ते दाबा. फुगवटाही बाजू बदलून गेला तर तो फक्त उजेडाचा खेळ होता. तिथेच राहिला तर आकारात काहीतरी आहे. सॉलिड मोडमध्ये सगळे ठीक आणि रेंडरमध्येच वाकडे दिसत असेल, तर टेक्स्चर तपासा. फोटोंवरून बनवलेल्या टेक्स्चरमध्ये फोटो काढतानाची सावली तशीच उमटलेली असते. नाकाच्या एका बाजूचा काळसरपणा खोलगटपणासारखा भासतो.

बाजूंच्या नावांचा घोळही इथेच मिटवा. पात्र आपल्याकडे तोंड करून उभे असते, म्हणून त्याचा डावा हात पडद्यावर उजवीकडे येतो. ब्लेंडरमध्ये ती धन एक्सची बाजू, आणि तिथल्या बोनच्या नावाला शेवटी ‘.एल’ लागतो.

२. एकेक थर बाजूला करा

आर्मेचर (रिगमधला हाडांचा सांगाडा) निवडून त्याच्या डेटा टॅबमध्ये रेस्ट पोझिशन दाबा. नंतर सगळ्या शेप की शून्यावर आणा. मग एकेका मॉडिफायरचा डोळा बंद करत जा. प्रत्येक वेळी थांबून चेहरा बघा. ज्या क्षणी तो सरळ होईल, त्याच थरात दोष आहे.

रेस्ट पोझिशनमध्ये सरळ झाला, तर पोज मोडमध्ये सगळे बोन निवडून ऑल्ट-जी, ऑल्ट-आर, ऑल्ट-एस द्या. बहुतेकदा मानेचा किंवा जबड्याचा एखादा बोन थोडासा फिरलेला असतो. पोज साफ करूनही वाकडेपणा उरला, तर कन्स्ट्रेंट (बोनवर लावलेले बंधन) किंवा ड्रायव्हर (दुसऱ्या किमतीवरून बोन हलवणारे सूत्र) बोनला ओढत असणार.

वेट म्हणजे कोणता बोन मेशचा कोणता भाग किती हलवतो ते प्रमाण. त्यातला दोष मात्र स्थिर पोजमध्ये दिसतच नाही. बोन हललेच नसतील तर वेट कितीही चुकीचे असोत, मेश जागची हलत नाही. म्हणून डावा दंड वर उचला, ती पोज कॉपी करा आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही देऊन उलट्या बाजूला पेस्ट करा. आता दोन्ही खांदे एकसारखे दुमडायला हवेत. एक बगल आत चिमटली जात असेल, तर वेट पेंट मोडमध्ये वेट्सच्या मेनूतला मिरर वापरा. मात्र त्याआधी हाडांचे आकडे पाहा: आर्मेचर एडिट मोडमध्ये डाव्या आणि उजव्या बोनची एक्सची किंमत सारखीच, फक्त चिन्ह उलटे असायला हवे. बोनच एका जागी नसतील तर वेट मिरर करून काही साधत नाही.

शेप की शून्यावर आणल्यावर चेहरा सरळ झाला, तर एकेक की १ वर नेऊन पाहा. हसण्याची की तयार करताना एक्स मिरर (दोन्ही बाजू एकत्र बदलणारी सोय) बंद राहिले असेल, तर हसू एकाच गालावर उमटलेले दिसेल. सगळा चेहरा त्यासाठी मोडायची गरज नाही, तेवढीच की दुरुस्त करा.

३. आरसा कुठे उभा आहे ते बघा

सगळे थर काढूनही वाकडेपणा उरला, तर पाळी ऑब्जेक्टची. ब्लेंडरमधले मिररिंग ऑब्जेक्टच्या स्वतःच्या अक्षांवर, त्याच्या ओरिजिनमधून (मूळबिंदूतून) चालते. ओरिजिन दोन मिलिमीटर सरकला तरी ब्रशची दुसरी बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिलिमीटर चुकते.

एन दाबून रोटेशनचे आकडे वाचा. डोके ऑब्जेक्ट म्हणूनच दोन अंशांनी कललेले असेल, तर ‘आधी कंट्रोल-ए देऊन ट्रान्सफॉर्म अप्लाय करा’ हा नेहमीचा सल्ला इथे घातक ठरतो. अप्लाय केले की तो कल मेशमध्ये कायमचा मुरतो आणि चांगली सममिती बिघडते. ऑल्ट-आर देऊन रोटेशन शून्य करा. डोके सरळ झाले तर मेशमध्ये दोष नव्हताच. ‘ओरिजिन टू जिऑमेट्री’ हाही असाच फसवा पर्याय आहे: एका बाजूला अंबाडा किंवा झुमका जोडलेला असेल, तर ओरिजिन त्या बाजूला ओढला जातो.

४. मेशमधली नेमकी जागा शोधा

माझ्या मते सगळ्यात खात्रीची पद्धत ही: मॉडेलची प्रत काढा, कंट्रोल-एम आणि मग एक्स देऊन ती उलटवा, आणि मूळ मॉडेलवर तशीच राहू द्या. सॉलिड मोडमध्ये रंग ‘रँडम’वर ठेवा, म्हणजे दोघांना वेगळे रंग मिळतील. जिथे बाजू जुळतात तिथे दोन रंगांची मिसळ दिसते. जिथे एकच रंग ठसठशीतपणे वर आलाय, तिथे फरक आहे. हनुवटीच्या एका बाजूला हिरवा आणि दुसरीकडे जांभळा दिसला की शंका उरत नाही.

आकड्यांनी ताळा करायचा असेल तर ओव्हरलेमध्ये स्टॅटिस्टिक्स चालू करा. मधली रेषा सोडून अर्धा चेहरा निवडा, निवडलेले व्हर्टेक्स (मेशचे बिंदू) मोजा, आणि कंट्रोल-शिफ्ट-एम देऊन आरशातली बाजू निवडा. संख्या कमी झाली, तर तेवढ्या व्हर्टेक्सना समोरच्या बाजूला जोडीदार सापडलेला नाही.

५. दुरुस्ती

सुरुवात मधल्या रेषेपासून. कपाळापासून हनुवटीपर्यंतची आणि डोक्यामागून मानेपर्यंतची मधली व्हर्टेक्स निवडा. प्रपोर्शनल एडिटिंग (आसपासचे बिंदूही सोबत ओढणारी सोय) बंद असल्याची खात्री करा. ते चालू राहणे हे नकळत आलेल्या वाकडेपणाचे नेहमीचे कारण आहे. एस, एक्स, ० दाबून ती सगळी एका रेषेत आणा आणि मग एन पॅनेलमध्ये लोकल निवडून एक्सची किंमत ० करा. क्रम महत्त्वाचा आहे. पॅनेलमधला आकडा सरासरीचा असतो, त्यामुळे नुसता तो शून्य केला तर नागमोडी रेष नागमोडीच राहते.

मग सगळी मेश निवडून मेश मेनूतला ‘स्नॅप टू सिमेट्री’ वापरा. तो व्हर्टेक्स फक्त हलवतो, नवे बनवत नाही, म्हणून यूव्ही (टेक्स्चर मेशवर कुठे बसते त्याचा नकाशा) आणि वेट शाबूत राहतात. फॅक्टर ०.५ ठेवला की दोन्ही बाजूंची सरासरी निघते. थ्रेशोल्ड (जोडीदार किती अंतरापर्यंत शोधायचा ती मर्यादा) लहान ठेवून सुरुवात करा. पापण्या आणि ओठांपाशी व्हर्टेक्स दाट असतात, तिथे मोठ्या थ्रेशोल्डने भलतीच जोडी जुळते.

दोन बाजूंच्या बिंदू-रेषांची वीणच वेगळी असेल, तर मात्र सिमेट्राइझला पर्याय नाही. व्हॉक्सेल रीमेश किंवा डायनटोपो ही मेशची वीण नव्याने बनवणारी साधने वापरल्यावर असे होते. चांगली बाजू ठरवा आणि दिशा नीट वाचा: ‘-एक्स टू +एक्स’ म्हणजे पात्राची उजवी बाजू डावीवर उमटणार. नवी व्हर्टेक्स तयार होत असल्यामुळे हे काम शेप की आणि यूव्हीच्या आधीच उरका.

एवढे करूनही मधल्या रेषेवर किंवा एका गालावर डाग दिसत असेल, तर शिफ्ट-एन देऊन नॉर्मल्स (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे त्या दिशा) पुन्हा मोजा, जुने कस्टम नॉर्मल्स काढून टाका आणि नॉर्मल मॅपची कलर स्पेस नॉन-कलर आहे का ते पाहा.

६. हवा असलेला फरक वेगळा ठेवा

खरा माणूस कधीच तंतोतंत सममित नसतो. त्यामुळे स्कॅनमधून आलेल्या चेहऱ्यावरचा फरक सरसकट पुसू नका, नाहीतर ओळखीचा माणूस अनोळखी वाटू लागतो. रिगिंग आणि वेटसाठी सममित मेश बेसिस (शेप कींचा मूळ आकार) म्हणून ठेवा. भुवईची किंचित उंची, नाकाचा हलका कल, ओठाचा एक जड कोपरा हे सगळे एका स्वतंत्र शेप कीमध्ये घडवा. रिगवर काम करताना ती ० वर ठेवा आणि रेंडरच्या वेळी ०.३ पासून हळूहळू वर नेत चेहरा पारखा.