पिकअपचं स्टिअरिंग उबदार करायचं तर

विदर्भात स्टिअरिंग तापवायची गरजच काय, असं विचारणाऱ्याने डिसेंबरात पहाटे तीनला वरुडहून संत्र्याची गाडी घेऊन नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघून पाहावं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मेळघाटात आणि उघड्या शेतशिवारात थंडी आणखी बोचते. बोटं आखडली की इंडिकेटरचा दांडाही धड सापडत नाही. तरी दिवसाच गाडी चालवणाऱ्याने या भानगडीत पडू नये, हातमोजे पुरतात. हे काम रात्री-पहाटे धावणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडे ते करताना मे महिना आधी डोळ्यासमोर ठेवावा लागतो, कारण थंडी दोन महिन्यांची आणि ऊन चार महिन्यांचं.

पहिला प्रश्न एअरबॅगचा. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे अलीकडच्या एसयूव्हीत ती असणारच. मालवाहू पिकअपमध्ये ती असेलच असं नाही. स्टिअरिंगच्या मधल्या पॅडवर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ ही इंग्रजी अक्षरं आहेत का ते पाहा. असतील तर पॅड काढण्याचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा एअरबॅगचं काम रोज करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, कारण तेवढ्या करंटनेही एअरबॅग उडू शकते.

दुसरा प्रश्न फिरत्या स्टिअरिंगमध्ये करंट न्यायचा. सिगारेट लायटरमध्ये खोचायची तयार गरम कव्हरं मिळतात, पण त्यांची वायर वळणावर कॉलमभोवती गुंडाळली जाते. तसलं कव्हर उभ्या गाडीत स्टिअरिंग तापवून घ्यायला ठीक, पण गाडी हलण्याआधी प्लग आणि वायर दोन्ही काढलीच पाहिजे. कायमच्या जोडणीला क्लॉक स्प्रिंग लागतो. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली ही चपटी पट्टी स्टिअरिंगबरोबर उलगडते आणि पुन्हा गुंडाळते. एअरबॅग नसलेल्या साध्या पिकअपमध्ये बहुधा हॉर्नसाठी एकच घासता संपर्क असतो. त्यावर हीटर चालवायचा नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा क्लॉक स्प्रिंग आपल्या कॉम्बिनेशन स्विचवर (स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा संच) बसतो का, ते आधी जुळवून पाहा. बसत नसेल तर काम इथेच थांबवा. कॉलमला भोकं पाडून जुगाड करू नका.

क्लॉक स्प्रिंगमध्ये दोन मोकळे ट्रॅक (पट्टीतले करंट नेणारे मार्ग) हवेत, एक प्लसला आणि एक मायनसला. मायनस स्टिअरिंगच्या दांड्यातून घेऊ नका. बेअरिंगमधल्या ग्रीसमुळे तो संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. आणखी एक अडचण अशी की स्विचसाठीचे ट्रॅक बारीक असतात. म्हणून सुटा क्लॉक स्प्रिंग टेबलावर ठेवून त्यातून २.५ अँपिअर करंट २० मिनिटं सोडा. प्लास्टिक कोमट लागलं तरी तो तुकडा या कामाचा नाही. एअरबॅगच्या ट्रॅकला हात लावायचा नाही, तो रिकामा दिसला तरीही.

या मर्यादेमुळे स्टिअरिंगच्या कड्यावर चामड्याच्या कव्हराखाली बसणारा हीटर छोटाच ठेवायचा. कार्बन फायबरची हीटिंग वायर मिळते, तिच्यात मीटरला ३३ ओहमचा प्रकार घ्या. ९० सेंटिमीटरचे पाच तुकडे समांतर जोडले की एकूण रोध साधारण ६ ओहम येतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टला २.३ अँपिअर, म्हणजे ३३ वॅट. हाताला तेवढी ऊब पुरते. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. तिथे हाच हीटर चौपट वॅट खाईल आणि चामडं करपेल.

पाचही तुकडे अगदी सारखे कापा. समांतर जोडणीत आखूड तुकड्यातून करंट जास्त जातो आणि तोच जास्त तापतो. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा बाहेरचा घेर सुमारे ११९ सेंटिमीटर भरतो, म्हणजे बाहेरच्या कडेला वरचा पाऊण घेर झाकला जातो. आतल्या कडेचा घेर लहान असल्याने तिथे वायर उरते. ती कापू नका, हलक्या लाटा देत बसवा. वायर एकमेकींवरून जाऊ द्यायच्या नाहीत आणि काटकोनात मोडायच्याही नाहीत, तिथेच चटका बसतो. दोन वायरींमधल्या जागेत वायरीच्याच जाडीचा फोम भरा, नाहीतर बोटांना दोऱ्या लागत राहतात.

सांधे हा सर्वात नाजूक भाग. कार्बनवर कथील धरत नाही. ओतलेलं वरून चकचकीत दिसतं, पण महिन्याभरात सुटतं. टोकाचं सिलिकॉन सोला, तंतू दुमडून दुहेरी करा, तांब्याच्या फेरूलमध्ये (छोट्या नळीत) घालून क्रिंपिंगच्या पकडीने दाबा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. हे सांधे स्पोकच्या पोकळीत ठेवा, मुठीखाली नको.

वायरीबरोबर सिरीजमध्ये केएसडी ९७०० जातीचा छोटा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर चालणारा स्विच, लावा. तो प्लास्टिक खोळीचा, ४० अंशांचा, नॉर्मली क्लोज्ड (थंड असताना जोडलेला) हवा. तो वायरीला चिकटूनच बसला पाहिजे. ४० अंशांना तो करंट तोडतो आणि बराच थंड झाल्यावर पुन्हा जोडतो, म्हणून ऊब कमी-जास्त होत राहते. तो दोष नाही. शिवाय उन्हात स्टिअरिंग आधीच ४० च्या वर गेलेलं असतं, त्यामुळे मे महिन्यात पोराने बटण दाबलं तरी हीटर चालू होत नाही.

आता गाडीवरचं काम. पुढची चाकं सरळ करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि एअरबॅग असेल तर दहा मिनिटं थांबा. दांडा आणि स्टिअरिंग यांवर रंगाने खूण करा, नाहीतर बसवताना दाता चुकून स्टिअरिंग वाकडं येतं. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. मग पुलरने ओढा. हातोडी मारली तर कॉलम आणि बेअरिंगला इजा होते, आणि नट काढून टाकलेला असेल तर सुटलेलं स्टिअरिंग तोंडावर येतं.

क्लॉक स्प्रिंग बसवण्याआधी मध्यावर आणा. हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा, उलट फिरवून एकूण फेऱ्या मोजा आणि निम्म्या फेऱ्यांवर थांबा. ही पायरी चुकली तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटते आणि तिच्याबरोबर हॉर्न आणि एअरबॅगही जाते. नटचा टॉर्क तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे द्या.

पुरवठा थेट बॅटरीवरून घ्या. टर्मिनलपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज, पुढे १ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून क्लॉक स्प्रिंगला. ८६ ला इग्निशनचा प्लस स्विचमधून द्या आणि ८५ बॉडीला. रिले टाळून स्विच सरळ जोडला आणि रात्रभर चालू राहिला तर दहा तासांत २० अँपिअर-अवर उडतात आणि सकाळी धक्का मारायची वेळ येते. इंजिनकडच्या पत्र्यातून वायर नेताना रबर ग्रोमेट लावा. गोठ्याजवळ किंवा गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, तिथे पूर्ण लांबीवर कंड्युट (संरक्षक नळी) चढवा.

चामड्याची शिलाई सीटकव्हरवाल्याकडून करून घ्या, पण सुई वायरीत जाऊ नये म्हणून हीटरची जागा खडूने आखून द्या. १ ते १.२ मिलिमीटरचं खरं चामडं घ्या. रेक्झिन आपल्या उन्हात आकसतं. साधं रबर सोल्युशन उन्हात मऊ होऊन कव्हर मुठीत फिरतं, आणि वळणावर हे जिवावर बेतू शकतं. पकड शिलाईचीच हवी, गोंद फक्त फोमपुरता. उन्हाळ्यात गाडी उभी केली की आपला दुपट्टा स्टिअरिंगवर टाका, चामडं जास्त वर्षं टिकतं.

काम झाल्यावर गाडी चालवण्याआधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हॉर्न सगळीकडे वाजला पाहिजे. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी बाहेर काढू नका.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर रिले काढून ८७ ची वायर आणि हीटरचा मायनस यांच्यात मीटर लावा. ६ ओहम आले तर सगळं ठीक. ७.४ आले तर पाचातली एक वायर गेली, ९.९ आले तर दोन. तेवढ्यावरही हीटर चालतो, फक्त ऊब कमी मिळते. काहीच आलं नाही तर थर्मोस्टॅट किंवा क्लॉक स्प्रिंग तपासा. पण हे मोजमाप सकाळी गारव्यात करा. ऑक्टोबरच्या दुपारी तापलेल्या स्टिअरिंगमध्ये थर्मोस्टॅट उघडाच असतो आणि चांगला हीटरही मेलेला दिसतो.