गरम करून बसवायचा सुखतळा: निवड आणि फिटिंग

टाच दुखते म्हणून पेशंट येतो आणि पायात असते कोल्हापुरी. तिला टाच धरणारी मागची भिंत नाही, तळ सपाट, वर फक्त पट्टे. तिच्यात मोल्ड केलेला सुखतळा टिकत नाही. चिकटवला तरी चालताना पाय त्याच्यावरून बाजूला घसरतो. म्हणून पहिली सूचना फोनवरच द्यावी: रोज सगळ्यात जास्त वेळ घालता ते बूट घेऊन या, झिजलेले असले तरी चालतील. झिजलेलेच बरे, कारण तळ बरंच काही सांगून जातो. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं साहजिक आहे. आतली कड जास्त झिजली असेल, तर पाय आत कलतो असं धरून तपासणीला लागा.

बूट तपासा

टाचेमागचा भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा, तो चेपला जाऊ नये. मग बूट टोकाकडून वाकवा. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर बाद. शेवटी ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला जाणाऱ्या बुटात कितीही महागडा सुखतळा घातला तरी पैसे पाण्यात. बुटातला मूळ सुखतळा निघतो का तेही आत्ताच पाहा. तो चिकटवलेला असेल तर दोन थर एकावर एक येतात आणि टाच बुटाबाहेर निघायला लागते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कामगार सेफ्टी शूज घेऊन आला, तर आतला सुखतळा बदलायला चालतो का हे त्याला आधी कंपनीच्या सेफ्टी अधिकाऱ्याला विचारायला सांगा. काही बुटांत तो सुरक्षेचाच भाग असतो.

पाय तपासा

पेशंटला खुर्चीवर बसवा, गुडघा घोट्याच्या बरोबर वर. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली, बोटाला लागणारा हाडाचा उंचवटा म्हणजे नॅव्हिक्युलर. त्यावर पेनाने ठिपका काढा. पायाशेजारी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा उभा धरून ठिपक्याची उंची त्यावर नोंदवा. मग पेशंटला दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांत 10 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं, तर तळपायाची कमान बरीच खाली बसते असं समजतात. दोन्ही पाय मोजा, दुखत एकच असला तरी.

त्यानंतर चवड्यांवर उभं राहायला सांगा. टाच उचलल्यावर कमान तयार होत असेल तर पाय लवचिक आहे आणि मोल्ड केलेला आधार त्याला मानवतो. कमान तयारच होत नसेल, पाय ताठ असेल, तर कमान उचलायचा प्रयत्न करू नका. तिथे मऊ थर देऊन भार वाटून देणं एवढंच काम. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पाय सपाट दिसतात म्हणून आईबाबा घाबरून येतात. पण लवचिक आणि न दुखणारा सपाट पाय त्या वयात सर्रास असतो, त्याला सुखतळ्याची गरज नसते.

मधुमेह असेल तर 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा तंतू) अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याखाली, तो वाकेपर्यंत टेकवा. स्पर्श कळत नसेल तर गरम केलेला सुखतळा त्या पायाखाली ठेवायचाच नाही: भाजलं तरी त्याला समजणार नाही. जखम, कारण नसताना गरम आणि सुजलेला पाय, रात्री झोपमोड करणारं दुखणं, एकाच पोटरीला अचानक आलेली सूज, यांपैकी काहीही दिसलं तर फिटिंग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवा.

निवड

टाचदुखीसाठी मापावर बनवलेला सुखतळाच हवा असा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना तयार मिळणारा, गरम करून आकार देता येणारा ईव्हीए (एक प्रकारचा फोम) सुखतळा तितकाच उपयोगी पडतो. वयस्कर आणि हलक्या माणसाला मऊ, वजनदार आणि दिवसभर उभं राहणाऱ्याला कडक. अंगठ्याने कमान दाबून पाहा. पेशंटचं वजन जास्त असेल आणि ती तुमच्याच अंगठ्याखाली सहज चेपत असेल, तर त्याच्याखाली ती लवकरच बसेल.

लांबी बुटावर ठरते. पुढे जागा असेल तर पूर्ण लांबीचा, पुढचा भाग अरुंद असेल तर चवड्यापाशी संपणारा पाऊण लांबीचा.

कापणं आणि गरम करणं

बुटातून काढलेला सुखतळा नव्यावर ठेवा, टाच टाचेला जुळवून, आणि पेनाने आखा. कापायचं फक्त बोटांकडून, एका वेळी दोन मिलिमीटर. टाचेकडून कापलं की खोलगट भाग पुढे सरकतो आणि कमान चुकीच्या जागी येते. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

हीट गन खालच्या बाजूने, साधारण वीतभर अंतरावरून, सतत हलवत फिरवा. कमान आणि टाच एवढंच तापवायचं. किती वेळ, हे पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. पृष्ठभाग चमकायला लागला किंवा कड आत ओढली गेली तर जास्त तापलं. अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहिला की तयार. वरचं कापड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे सोसवत नसेल तर पायालाही सोसणार नाही.

आता घाई लागते. सुखतळा बुटात, बूट मोजा घातलेल्या पायात, टाच मागे ठोकून बसवा, नाडी बांधा. पेशंट बसलेलाच. पाय थोडा आतबाहेर फिरवून घोट्यापुढे हाड दोन्ही बाजूंना बोटाखाली सारखं लागेल त्या जागी धरा, अंगठा वर उचलायला सांगा आणि गुडघ्यावरून हळू खाली दाबा. अंगठा वर गेला की कमान आपोआप उभी राहते आणि सुखतळा तीच कमान घेतो. या वेळी पेशंटला उभं केलं तर वजनाने बसलेलीच कमान मोल्ड होते, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी? दोन-तीन मिनिटं हलू देऊ नका.

पाय आत कलतो म्हणून टाचेखाली आतल्या बाजूने पाचर लावायची तर दोन अंशांपासून सुरुवात करा, जास्तीत जास्त चारपर्यंत. पहिल्याच दिवशी पाय सरळ दिसावा हा हट्ट गुडघ्याला भोवतो.

चालवून पाहा

दवाखान्यातच दहा मिनिटं चालवा, जमलं तर जिन्यावरूनही. कमानीखाली काहीतरी आहे असं जाणवणं ठीक, दुखणं नाही. कड टोचत असेल तर कमान जास्त उंच झाली आहे: पुन्हा तापवून थोडी दाबा. टाच निघत असेल तर बूट उथळ आहे. बोटं आवळली जात असतील तर पाऊण लांबीचा घ्या. चालल्यावर गुडघा बाहेरून दुखायला लागला तर पाचर कमी करा. करकर आवाज आला तर खाली चिमूटभर टाल्कम पावडर.

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत जायचं. सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पन्हाळा किंवा जोतिबाची चढण नको. दोन आठवड्यांनी परत बोलवा आणि पायावर लाल ठसे, फोड आहेत का ते पाहा.

आपल्याकडची खरी अडचण घरातली. घरी, देवळात, ओळखीच्यांकडे आपण बूट काढतो, म्हणजे दिवसाचा मोठा भाग पाय कडक फरशीवर. टाच दुखणाऱ्याला घरात घालायला कमान असलेली वेगळी सँडल सांगा. तिच्याविना सुखतळ्याचा फायदा निम्म्यावर येतो. लग्नकार्यात दोन तास कोल्हापुरी घातली तर काही बिघडत नाही. बंदी घातली की पेशंट लपवून घालतो आणि मग दुखणं कशाने वाढलं तेच कळत नाही.

पावसाळ्यात रोज रात्री सुखतळा बाहेर काढून पंख्याखाली वाळवायचा. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर दिलेला आकार जातो. सहा महिन्यांनी कमान पुन्हा अंगठ्याने दाबून बघा. नव्यापेक्षा सहज चेपत असेल तर पुन्हा तापवण्यात अर्थ नाही, नवीन घ्यावा लागतो.