टेन्शनची गोळी वर्षानुवर्षं चालूये? या चुका टाळा

माझी आई सहा वर्षं रोज रात्री अर्ध्या मिलिग्रॅमची अल्प्राझोलाम घेत होती. बाबा गेले तेव्हा झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, त्या पंधरा दिवसांची सहा वर्षं कधी झाली ते घरात कुणालाच कळलं नाही, आणि दर महिन्याला स्ट्रिप आणून देणारा मीच होतो. मग एका लग्नाला साताऱ्याला गेलो, स्ट्रिप घरीच राहिली, आणि तिसऱ्या दिवशी आईचे हात थरथरायला लागले, घाम, धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आम्हाला वाटलं बीपी वाढलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, रोजची कुठली गोळी बंद झालीये का?

तर पहिली चूक ही, जुन्या चिठ्ठीवर गोळी ओढत राहणं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या बेन्झोडायझेपिन (थोडक्यात बेन्झो) गटातल्या, आणि त्यातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम 2014 पासून आपल्याकडे शेड्यूल एच-1 या औषधांच्या कडक यादीत आहेत, म्हणजे मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपून ठेवायचं. पण ओळखीचा दुकानदार असला की कोण चिठ्ठी मागतो? ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने 1988 मध्येच सांगितलं होतं की या गोळ्या 2 ते 4 आठवडेच द्याव्यात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये पाकिटातल्या माहितीत ठळक चौकटीतला इशारा वाढवला, की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतली तरी शरीराला सवय लागू शकते. हे वाचून मला बरं वाटलं खरं सांगू का, कारण आई स्वतःला दोष देत होती, मला व्यसन लागलं म्हणून रडत होती. व्यसन वेगळं आणि शरीराला सवय लागणं वेगळं. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं, ही गोळी त्याचा जोर वाढवते, रोज अशी बाहेरून मदत मिळाली की मेंदू त्याला कमी दाद द्यायला लागतो, मग गोळी काढली की सगळं एकदम खवळतं.

म्हणूनच दुसरी चूक सगळ्यात धोक्याची आहे, असं काहीतरी वाचून घाबरून गोळी एकदम बंद करणं. कृपया असं करू नका. बरीच वर्षं घेतलेली गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. एकदम सोडल्यावर फिट आली, भ्रम झाला, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल. आणि नुसती घबराट, झोप उडणं झालं की लोक म्हणतात बघा आजार परत आला, गोळीशिवाय जमतच नाही, पण पुष्कळदा ती गोळी सुटल्याची लक्षणं असतात. डोस कमी कसा करायचा तर हळू. 2025 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात सुचवलीये, आणि कितीही घाई असली तरी 2 आठवड्यांत 25 टक्क्यांच्या वर नाही. हे डॉक्टरांसोबतच करायचं, कारण कुणाला आधी गोळी बदलून द्यावी लागते, आणि क्लोनाझेपाम फिटसाठी चालू असेल तर हिशोबच वेगळा.

तिसरी चूक, सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवणं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशन-चिंतेवरच्या गोळ्या बेन्झो नाहीत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्या महिनोन्महिने घ्यायच्या असतात, टेन्शन आलं की एक अशी घेऊन उपयोग नाही. सोडताना त्याही हळूच सोडायच्या, चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. पण नावापुढे प्लस असेल तर स्ट्रिपची मागची बाजू वाचा, त्यात बऱ्याचदा क्लोनाझेपाम मिसळलेली असते आणि पेशंटला पत्ताच नसतो. पोटाच्या काही गोळ्यांतही क्लोरडायझेपॉक्साइड असतं, ते पण बेन्झोच, आणि माणूस गॅसची गोळी समजून वर्षानुवर्षं घेतो.

बेन्झो दारूबरोबर नाहीच. ट्रॅमाडोलसारखी दुखण्याची गोळी किंवा कोडिनवालं खोकल्याचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी मिळून श्वास मंदावू शकतो.

घरात साठी ओलांडलेलं माणूस बेन्झो घेत असेल तर रात्री बाथरूमला उठताना तोल जातो हे लक्षात ठेवा, खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते सांगायला नको. विसरभोळेपणाही वाढतो. डिमेन्शिया होतो का, यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत संबंध दिसलाय, काहींत नाही.

जवळ मानसोपचार तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आईची गोळी सुटायला दहा महिने लागले. मधे दोनदा डॉक्टरांनी कपात थांबवून महिनाभर तोच डोस ठेवला, आणि शेवटचा पाव तुकडा सोडायला तर सहा आठवडे गेले.